यकृतातली गाठ आणि दारातलं कुत्रं

“लिव्हरमध्ये पाण्याची गाठ दिसतेय, मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या.” देवगाव रंगारी आणि आसपासच्या गावांतून पोटाच्या सोनोग्राफीसाठी कन्नडला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या एखाद्याच्या कानावर कधी ना कधी हे वाक्य पडतं. घरच्यांच्या मनात पहिल्यांदा येतो तो कॅन्सर. मग कोणी धास्तीनं ऑपरेशनची घाई करतं, तर कोणी ‘दुखत तर काही नाही’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून देतं. या दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात.

यकृतात पाण्याची गाठ अनेक कारणांनी होते आणि बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण त्यांतल्या एका गाठीचं मूळ दारात, गोठ्यात, शेतवस्तीवर वावरणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात असतं. वैद्यकात तिला हायडॅटिड गाठ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कुठल्याही वेळी जगात १० लाखांहून अधिक माणसं या गटातल्या रोगानं बाधित असतात. आपल्या देशात आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि जम्मू-काश्मीरमधून असे रुग्ण जास्त नोंदवले गेले आहेत, आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनाही हा रोग नवा नाही. जिथे मेंढ्या-शेळ्या, गुरं आणि मोकळी कुत्री एकत्र राहतात तिथे त्याला थारा मिळतो. कन्नड तालुक्यातल्या कुठल्याही गावाला हे वर्णन लागू पडतं. म्हणून या गाठीचं निदान कसं होतं, कोणती तपासणी उपयोगाची आणि कोणती वाया जाणारी, हे गावातल्या माणसाला ठाऊक असायला हवं.

कृमीचा फेरा

या रोगाचा कारक आहे ‘इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस’ नावाचा पट्टकृमी. माणसाच्या पोटातला पट्टकृमी कित्येक फूट लांब होतो. हा मात्र जेमतेम २ ते ७ मिलिमीटरचा. त्याला तीन-चारच खंड असतात. कुत्र्याच्या लहान आतड्यात असे शेकडो, कधी हजारो कृमी चिकटून राहतात, तरी कुत्रं धडधाकट दिसतं. ते जेवतं, धावतं, राखण करतं. त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. गवतावर, मातीत, पाणवठ्यावर आणि खुद्द कुत्र्याच्या केसांवर ती चिकटून राहतात.

चरताना ही अंडी मेंढी, शेळी, गाय किंवा म्हैस यांच्या पोटात जातात. अंड्यातून निघालेला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसतो. तिथे त्याची पाण्यानं भरलेली गाठ तयार होते. तिच्या आतल्या अस्तरावर कृमीची असंख्य सूक्ष्म डोकी उगवतात. हे जनावर कापल्यावर गाठ असलेलं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे पडलं की त्या डोक्यांचे कुत्र्याच्या आतड्यात पुन्हा कृमी होतात. साधारण सहा-सात आठवड्यांत ते अंडी टाकू लागतात आणि फेरा पूर्ण होतो.

या फेऱ्यात माणसाची निसर्गाला काहीच गरज नसते. कुत्र्याला हात लावून तसंच जेवायला बसलं, न धुतलेली मेथी-कोथिंबीर किंवा कांद्याची पात खाल्ली, कुत्र्यानं तोंड घातलेलं पाणी प्यायलं, की अंडी माणसाच्या पोटात जातात. पुढचा प्रवास मेंढीतल्यासारखाच. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जात असल्यानं सुमारे ७० टक्के गाठी यकृतातच अडकतात, जवळपास २० टक्के फुप्फुसात जातात, आणि उरलेल्या मूत्रपिंड, मेंदू, हाडं अशा ठिकाणी आढळतात.

यावरून गावात होणारे दोन गैरसमज दूर होतात. पहिला, हा रोग मटण खाल्ल्यानं होत नाही. गाठ असलेलं काळीज खाऊन कुत्र्याला कृमी होतो. माणसाला रोग होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. त्यामुळे जन्मभर माळ घातलेल्या घरातही ही गाठ होऊ शकते. दुसरा, हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं काही कारण नाही.

ही अंडी कोरडेपणा आणि उष्णता यांपुढे टिकत नाहीत. मराठवाड्यातल्या वैशाखाच्या उन्हात उघड्यावर पडलेली अंडी लवकर मरतात. पण रांजणाखालची ओल, विहिरीचा काठ, गोठ्यातला सावलीचा कोपरा, ठिबकाखालचा भाजीचा वाफा अशा गार, दमट जागी ती महिनोन् महिने तग धरतात. म्हणून ‘आमच्याकडे ऊन कडक आहे’ एवढ्या भरवशावर राहता येत नाही.

गाठ गप्प राहते, म्हणून निदान उशिरा होतं

हायडॅटिड गाठ फार सावकाश वाढते. एखादी वर्षाला काही मिलिमीटरनं वाढते, तर एखादी काही सेंटिमीटरनं. यकृत मोठा अवयव आहे आणि त्याच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीव नसते. त्यामुळे लहानपणी गेलेल्या अंड्याची गाठ चाळिशीत कळते. तोवर माणूस शेतात राबत असतो, पोतं उचलत असतो. पुढे उजव्या बरगडीखाली जडपणा, जेवल्यावर लवकर पोट भरल्यासारखं वाटणं, पोटाला हात लावल्यावर गोळा लागणं अशा तक्रारी सुरू होतात. बऱ्याचदा पित्ताच्या खड्यासाठी किंवा गरोदरपणात केलेल्या सोनोग्राफीत गाठ अचानक दिसते.

गाठ फुटली किंवा तिच्यात पू झाला, की तिचं गप्प राहणं संपतं. ती पित्तनलिकेत फुटली तर कावीळ आणि थंडी-ताप येतो. पोटात फुटली तर आतलं पाणी पसरून तीव्र ॲलर्जी होते, रक्तदाब कोसळतो, अंगावर पित्त उठतं आणि जीव धोक्यात येतो. वाचलेल्या रुग्णाच्या पोटात पुढच्या काही वर्षांत सांडलेल्या सूक्ष्म डोक्यांपासून नव्या गाठी उगवतात. म्हणून हे निदान गाठ फुटण्याआधी व्हायला हवं.

अंधाऱ्या खोलीतली पहिली खूण

या रोगाच्या निदानात सर्वांत मोलाचं साधन सोनोग्राफी आहे. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावी मिळते. केनियातल्या तुर्काना या पशुपालक जमातीत १९८०च्या दशकापासून संशोधकांनी हातात नेता येण्याजोगं यंत्र वस्त्यांवर नेऊन, कुठलीही तक्रार नसलेल्या माणसांच्या पोटातल्या गाठी शोधल्या. मोठं इस्पितळ नसतानाही हे निदान करता येतं, हे त्यातून सिद्ध झालं.

पडद्यावर नेमकं काय दिसतं? पाणी सोनोग्राफीत काळं दिसतं. साध्या गाठीला पातळ भिंत असते आणि आत नुसतं काळं, स्वच्छ पाणी. हायडॅटिड गाठीची भिंत दुहेरी दिसते, दोन पांढऱ्या रेषा एकमेकींना समांतर. बाहेरची रेषा यकृतानं गाठीभोवती उभारलेल्या कुंपणाची असते आणि आतली कृमीच्या स्वतःच्या आवरणाची. मग डॉक्टर रुग्णाला कुशीवर वळायला सांगतात. रुग्ण वळला की गाठीच्या तळाशी बसलेले बारीक चमकदार कण वर उठतात आणि पुन्हा सावकाश खाली बसतात. हे कण म्हणजे कृमीची सुटी झालेली डोकी आणि त्यांच्या पिशव्यांचे तुकडे; डॉक्टर त्यांना ‘हायडॅटिडची वाळू’ म्हणतात. साध्या गाठीत असे कण नसतात. रुग्णाला एकदा कुशीवर वळवायला अर्धं मिनिट लागतं आणि त्या अर्ध्या मिनिटात निदानाची दिशा ठरू शकते.

गाठ जुनी होत जाते तशी तिची रूपं बदलतात. त्यांचं पहिलं सर्वमान्य वर्गीकरण घर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली केलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं त्यात सुधारणा करून आज वापरात असलेले टप्पे ठरवले. निदान नक्की न होणारी, नुसत्या पाण्याची गाठ ‘सीएल’. दुहेरी भिंतीची गाठ ‘सीई-१’. आत लहान-लहान पिल्लू-गाठी भरलेली, मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी ‘सीई-२’. आतलं आवरण सुटून पाण्यावर तरंगणारी ‘सीई-३ए’. या चित्राला डॉक्टर ‘वॉटर लिली’ची खूण म्हणतात. घट्ट होत चाललेल्या भागात काही पिल्लू-गाठी जिवंत राहिलेली ‘सीई-३बी’. पाणी आटून आत मळकट, घट्ट पदार्थ उरलेली ‘सीई-४’ आणि भिंतीत चुना साठलेली ‘सीई-५’. ‘सीई-१’ आणि ‘सीई-२’ हे टप्पे जिवंत कृमीचे, ‘सीई-३’ बदलत्या अवस्थेचा, आणि शेवटचे दोन बहुधा निर्जीव गाठीचे. उपचार या टप्प्यावर ठरतो. म्हणून ‘लिव्हर सिस्ट’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट अपुरा आहे. हायडॅटिडची शंका असेल तर टप्पा आणि आकार लिहून द्या, अशी विनंती रुग्णानं जरूर करावी.

एक प्रश्न, जो विचारलाच पाहिजे

पडद्यावरचं चित्र दर वेळी इतकं स्पष्ट नसतं. तेव्हा रुग्णाची हकिकत उपयोगी पडते. समजा, देवगाव रंगारीच्या परिसरातली एखादी चाळिशीची बाई यकृतातल्या गाठीचा रिपोर्ट घेऊन आली. डॉक्टर विचारतात, “मावशी, घरी कुत्रं आहे का?” ती सांगते, “नाही हो डॉक्टर, आता नाही.” इथे थांबलं तर निदान चुकू शकतं. पुढचा प्रश्न हवा, “लहानपणी? माहेरी?” मग उत्तर येतं, “माहेरी होतं की. मळ्यातच राहत होतो आम्ही. मेंढ्या पण बसायच्या शेतात.” गाठ आजची नसते, तिचं बी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पेरलेलं असू शकतं. म्हणून आजच्या घरापेक्षा बालपणीचं घर विचारणं महत्त्वाचं.

या भागात सुगीनंतर धनगरांचे वाडे येतात आणि खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवतात. जमिनीसाठी ही फार चांगली पद्धत आहे. वाड्यासोबत राखणीची कुत्रीही असतात. वाटेत मेलेल्या मेंढीचा काही भाग त्या कुत्र्यांच्या तोंडी लागतो. यात दोष धनगरांचा नाही. त्यांच्या कुत्र्यांना जंताचं औषध वेळेवर मिळत नाही, हा दोष आहे. धनगर स्वतः, त्यांची मुलंबाळं आणि शेतकऱ्याचं घर, सगळेच सारख्या धोक्यात असतात.

गाठ ज्यांची आठवण करून देते अशा दुसऱ्या आजारांपासून तिला वेगळं करावं लागतं. आपल्याकडे यकृतात अमिबाचा गळू खूप आढळतो. तो कुत्र्यामुळे होत नाही, दूषित पाण्यातून आणि अन्नातून होतो. त्यात काही दिवसांतच जोराचा ताप येतो, उजव्या कुशीत असह्य दुखतं आणि बरगडीवर दाबलं तरी रुग्ण विव्हळतो. हायडॅटिडचा रुग्ण मात्र पू झालेला नसेल तर बहुधा तापाविना, शांत असतो. हा फरक ऐकण्यात आणि पोटाला हात लावण्यातच कळतो.

रक्ताची आणि शौचाची तपासणी

यकृतात कृमीची गाठ म्हटलं की ‘शौचाची तपासणी करून घेऊ’ असं घरचे सुचवतात. या रोगात ती निरुपयोगी आहे. मोठा कृमी माणसाच्या आतड्यात नसतोच, त्यामुळे माणसाच्या विष्ठेत त्याची अंडी येत नाहीत. शौचाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून हायडॅटिड नाही, असा अर्थ कधीही काढू नये.

रक्तात ‘एलायझा’ पद्धतीनं कृमीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध घेतात. ही तपासणी उपयोगाची आहे, पण तिला मर्यादा आहेत. यकृतात गाठ असूनही १० ते २० टक्के रुग्णांत ती निगेटिव्ह येते. फुप्फुसातल्या गाठीत तर त्याहून जास्त वेळा. कोवळ्या, न फुटलेल्या गाठीतून कृमीचा अंश रक्तात फारसा झिरपत नाही आणि चुना साठलेल्या मृत गाठीतूनही नाही. त्यामुळे चित्र स्पष्ट असेल तर निगेटिव्ह रक्त-रिपोर्टमुळे निदान खोडता येत नाही. उलट, डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या शरीरात असलेल्या माणसाचा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून शंकेच्या वेळी ‘वेस्टर्न ब्लॉट’सारखी दुसरी तपासणी करून खात्री करतात. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतील तर तो एक इशारा असतो, पण बहुसंख्य रुग्णांत त्या वाढलेल्या नसतात.

जुन्या पिढीतल्या डॉक्टरांना कासोनी यांची त्वचेवरची चाचणी आठवेल. १९१२च्या सुमारास इटलीतून आलेली ही चाचणी अनेक दशकं चालली. गाठीतल्या पाण्याचा थेंब कातडीत टोचून गांधी उठते का ते पाहत. तिच्यात चुका फार होत आणि ॲलर्जीचा धोकाही होता, म्हणून आता ती मागे पडली आहे. कोणी आजही ती सुचवली तर एलायझाचा आग्रह धरावा.

मग अंतिम पुरावा कशाला म्हणायचं? १७८२ साली योहान गोएझ नावाच्या जर्मन पाद्र्यानं गाठीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यात पट्टकृमीची डोकी ओळखली. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल फॉन झीबोल्ड यांनी मेंढीच्या गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि त्या कुत्र्यांच्या आतड्यात पूर्ण वाढलेले कृमी मिळवले. त्यातून कुत्रं आणि गाठ यांचं नातं पक्कं झालं. आजही ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीत कृमीचे सूक्ष्म आकडे किंवा आवरणाचे थर दिसले की निदान ‘सिद्ध’ मानलं जातं. त्याआधी चित्र, हकिकत आणि रक्त यांची सांगड बसली तर ते ‘बहुधा’ आणि नुसत्या हकिकत-चित्रावर ‘शक्य’ असं टप्प्याटप्प्यानं लिहितात.

सुई घालण्याआधी

गावपातळीवरच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. यकृतातल्या पाण्याच्या गाठीत हायडॅटिडचा विचार न करता सुई घालू नये. ‘थोडं पाणी काढून तपासायला पाठवू’ हे सहज वाटतं, पण गाठीतून एक थेंब पोटात गळला तरी तीव्र ॲलर्जी आणि नव्या गाठी असे दोन धोके उभे राहतात.

तरीही सुईनं उपचार होतो, पण तो तज्ज्ञांच्या हातून, तयारीनं. १९८०च्या दशकाच्या मध्यात ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी ‘पेअर’ पद्धत मांडली. आधी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध सुरू करायचं, सोनोग्राफीत पाहत गाठीत सुई घालून पाणी काढायचं, गाठीचा पित्तनलिकेशी संबंध नाही याची खात्री करून कृमी मारणारं तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल आत सोडायचं आणि थोड्या वेळानं ते पुन्हा ओढून घ्यायचं. हे करताना ॲलर्जीवरची औषधं आणि अतिदक्षतेची व्यवस्था शेजारी असते.

यकृतात गाठ किती खोल आहे, पित्तनलिका आणि रक्तवाहिन्यांना ती चिकटली आहे का, हे ठरवायला सीटी किंवा एमआरआय लागतो. भिंतीतला चुना सीटीत चांगला दिसतो. आतल्या पिल्लू-गाठी आणि पित्तनलिकेशी असलेलं नातं एमआरआयमध्ये. छातीचा एक्स-रे मात्र प्रत्येक रुग्णाचा काढावा, कारण यकृतात गाठ असलेल्या काही जणांच्या फुप्फुसातही गाठ असते. संभाजीनगरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. मराठवाड्यातला माणूस त्याच्या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो. अशा वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया, रेडिओलॉजी आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे तिन्ही विभाग एका छताखाली असतात. या रोगाला नेमकी त्याचीच गरज असते.

टप्प्याप्रमाणे उपचार

नीट निदान झालं की उपचारात मोठा फरक पडतो. ५ सेंटिमीटरच्या आतली ‘सीई-१’ किंवा ‘सीई-३ए’ गाठ नुसत्या अल्बेंडाझोलनं बरी होऊ शकते. त्याहून मोठ्या गाठीला ‘पेअर’ आणि गोळ्या लागतात. पिल्लू-गाठींनी भरलेल्या गाठीला बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. निर्जीव ‘सीई-४’ आणि ‘सीई-५’ गाठींना त्रास नसेल तर काहीच करू नये; वर्षानुवर्षं ठरावीक अंतरानं सोनोग्राफी करत राहावी. गाठ मेलेली असताना मोठं ऑपरेशन करून घेणं रुग्णाच्या खिशाला आणि शरीराला दोन्हीला महागात पडतं.

शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची एक गोळी देतात. ती आतड्यातल्या जंतांसाठी चांगली, पण हायडॅटिड गाठ तिनं बरी होत नाही. या रोगात वजनाप्रमाणे दिवसातून दोनदा, महिनोन् महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्याव्यात, म्हणजे औषध रक्तात चांगलं उतरतं. मध्ये यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि गरोदर बाईला या गोळ्या देत नाहीत. म्हणून दुकानातून आणून आपल्या मनानं कोणी सुरू करू नयेत.

मुलांचं यकृत आणि पिल्लांचे जंत

कुत्र्याकडून आणि मांजराकडून यकृतात शिरणारा आणखी एक पाहुणा आहे, टॉक्सोकारा नावाचा गोल जंत. कुत्रीच्या पोटातच पिल्लांना त्याची लागण होते, आणि जन्मल्यावर दुधातून. म्हणून महिना-दीड महिन्याची पिल्लं याची सर्वांत जास्त अंडी टाकतात. ही अंडी ताजी असताना धोकादायक नसतात. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर होतात. माती चाटणारं, अंगणात रांगणारं मूल ती गिळतं. अंड्यातून निघालेल्या अळ्या यकृत, फुप्फुस आणि कधी डोळ्यातही भटकतात. १९५२ साली अमेरिकेत पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार नीट उलगडून दाखवला.

अशा मुलाला रेंगाळणारा ताप, खोकला, धाप, पोटात वाढलेलं यकृत आणि रक्तात इओसिनोफिलचा मोठा आकडा असं चित्र दिसतं. सोनोग्राफीत यकृतात अनेक लहान, धूसर डाग दिसू शकतात. इथेही शौचाची तपासणी कामाची नाही, कारण अळ्या माणसात मोठ्या होत नाहीत. रक्तातली एलायझा आणि ‘मूल माती खातं का, घरात पिल्लं आहेत का’ हे दोन प्रश्न निदान देतात. बहुतेक मुलं वेळेत औषध मिळालं तर पूर्ण बरी होतात; डोळ्यात अळी गेली तर मात्र दृष्टीला धोका असतो.

कुत्र्याचं निदान आणि दुकानातलं काळीज

कुत्र्यात हा पट्टकृमी ओळखणं माणसाहून अवघड आहे. त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली इतर पट्टकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात. विष्ठेतल्या कृमीच्या अंशाची विशेष तपासणी असते, पण गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती सहसा नसते. म्हणून गावात एकच व्यवहार्य मार्ग उरतो: प्रत्येक कुत्र्याला पट्टकृमी आहे असं धरून औषध देणं. औषध आहे प्राझिक्वान्टेल, कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून किमान चार वेळा ते द्यायला सांगते. या औषधानं कृमी मरतो, पण बाहेर पडणारी अंडी मरत नाहीत. म्हणून औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवावं, त्याची विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी. नुसत्या फेनबेंडाझोलसारख्या गोल जंतांवरच्या औषधानं हे काम होत नाही. दवाखान्यात प्राझिक्वान्टेलचं नाव घेऊनच विचारावं.

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी २००९ साली कत्तलखान्यांतल्या जनावरांमधल्या गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात म्हशींशी जोडलेला ‘जी-३’ हा प्रकार सर्वाधिक आढळला. म्हणजे आपल्याकडे हा फेरा केवळ मेंढ्यांवर चालत नाही, गाई-म्हशींमधूनही चालतो. जत्रेच्या किंवा रविवारच्या दिवशी खाटीक जनावर कापतो. काळजात किंवा फुप्फुसात पांढरट, पाण्यानं भरलेले फुगे दिसतात, ते गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून तो भाग समोर बसलेल्या कुत्र्याकडे जातो. रोगाची साखळी इथे दोन सेकंदांत जोडली जाते, आणि तोडायचीही इथेच. असा भाग उकळून, जाळून किंवा कुत्री उकरणार नाहीत एवढ्या खोल पुरावा.

आइसलँडनं काय केलं

एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा रोग अतोनात होता. १८६३ साली डॅनिश पशुवैद्य हाराल्ड क्राबे तिथे गेले. त्यांनी १०० कुत्र्यांची शवचिकित्सा केली आणि २८ कुत्र्यांत हा कृमी सापडला. पुढच्या वर्षी त्यांनी साध्या भाषेत लिहिलेली पुस्तिका घरोघर वाटली गेली. १८६९ साली कायदा झाला, कुत्र्यांची संख्या मर्यादित करण्यात आली आणि रोगट काळीज-फुप्फुस नष्ट करणं बंधनकारक झालं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, एलायझा नव्हती, अल्बेंडाझोलही नव्हतं. तरी विसाव्या शतकात त्या देशातून हा रोग नाहीसा झाला. पुढे न्यूझीलंड आणि टास्मानियानंही तो जवळजवळ संपवला. लोकांना फेरा समजला आणि प्रत्येक घरानं तो तोडला, म्हणून हे झालं.

आपल्या हातात आइसलँडपेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत. म्हणून ग्रामपंचायतींना विनंती आहे: कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाच्या दिवशीच प्राझिक्वान्टेलची गोळी देण्याची व्यवस्था करा आणि गावातल्या खाटकाजवळ रोगट अवयवांसाठी झाकणाचा खड्डा करून द्या. डॉक्टरांना विनंती: यकृतातल्या प्रत्येक पाण्याच्या गाठीला सुई लावण्याआधी रुग्णाला कुशीवर वळवा आणि त्याच्या बालपणीच्या घराबद्दल विचारा. आणि घरोघरच्या आयांना सांगणं एवढंच: कुत्र्या-मांजरांवर प्रेम करा, त्यांना वेळेवर जंताचं औषध द्या, आणि ताटावर बसण्याआधी मुलांचे हात साबणानं धुवून घ्या. घरात एकाला हायडॅटिड निघाला तर त्याच अंगणात वाढलेल्या सगळ्यांची एकदा सोनोग्राफी करून घ्या. गाठ लहान असताना सापडली, तर ती नुसत्या गोळ्यांनीही बरी होऊ शकते.